तांबटाचा ठोका

पुण्याच्या कसबा पेठेंत तांबट आळी आहे. पेशवाईच्या काळीं कोंकणांतून आलेल्या कारागिरांची ही वस्ती. तिचें नांव पाटीवर वाचण्यापूर्वींच तें कानांवर पडतें. लोखंडी खुंटावर चढविलेलें भांडें, त्यावर पडणारा हातोडा, आणि एका ठोक्याशेजारीं दुसरा ठोका, अशा ओळींमागून ओळी. या कामास मठारणें म्हणतात. हंडा, घंगाळ किंवा बंब यांच्या अंगावर जे लहान लहान चकाकते खळगे दिसतात, ते या मठारकामाचे. घरोघरीं त्यांस नक्षी समजतात, आणि ती दिसतेहि सुंदर. परंतु भांड्याचें बळ त्या ठोक्यांत सांठविलेलें असतें, हें फारच थोड्यांच्या ध्यानांत येतें.

तांबें हा मुळांत मऊ धातु. भट्टींत तावून काढलेला पातळ पत्रा हातानें सहज वांकतो. तोच पुन्हा सरळ करूं गेल्यास मात्र अधिक जोर लागतो, आणि असें वारंवार केल्यास तो तुटतो. विजेच्या जुन्या तारेचा एक जाडसर तुकडा घेऊन कोणासहि घरबसल्या हा प्रयोग करून पाहतां येईल. अग्नीचा स्पर्श नाहीं, दुसऱ्या कसल्या धातूची भेसळ नाहीं. केवळ वांकविल्यानें तांबें कठीण कां व्हावें?

तांब्याचे अणु ओळीनें रचलेले असतात, आणि त्यांचे थर एकमेकांवरून सरकतात म्हणून पत्रा वांकतो. पण सबंध थर एकदम सरकत असेल, तर त्यास जितकें बळ लागावें असें गणितानें निघतें, त्याच्या कितीतरी पट कमी बळानें प्रत्यक्षांत तांबें वांकतें. हें कोडें १९३४ सालीं टेलर, ओरोवान व पोलान्यी या तिघां शास्त्रज्ञांनीं स्वतंत्रपणें उलगडलें. मोठी जड सतरंजी ओढून सरकत नाहीं. परंतु तिच्या एका टोंकास सुरकुती पाडून ती पलीकडच्या टोंकापर्यंत ढकलीत नेली, तर सतरंजी तेवढी पुढें गेलेली असते. धातूंतील अणूंच्या रचनेंतहि अशाच सुरकुत्या असतात. ठोका पडला कीं त्या धांवूं लागतात, नव्या नव्या उत्पन्न होतात, आणि अखेर इतकी गर्दी होते कीं एकीची वाट दुसरी अडविते. सुरकुती हलेनाशी झाली म्हणजे पत्राहि वांकेनासा होतो. तांबट कठीण झालेला पत्रा म्हणतो तो हाच.

अशा पत्र्यावर ठोके चालूच ठेविले तर तो चिरतो. म्हणून भांडें घडत असतां तें पुनःपुन्हा भट्टींत घालावें लागतें. तांबें १०८५ अंश सेंटिग्रेडवर वितळतें. परंतु तांबटास त्याच्या जवळपासहि जावयाचें नसतें. सुमारें ६०० अंशांस, अंधुक लाल रंग दिसूं लागतांच, धातूंतील गुंता मोडून नवे, निर्वेध कण तयार झालेले असतात आणि पत्रा पहिल्यासारखा मऊ होतो. हा लाल रंग उन्हांत दिसत नाहीं; त्यासाठीं सावलीची जागाच हवी. पोलाद तापवून पाण्यांत बुडविल्यास कठीण होतें. तांब्यावर तसा परिणाम होत नाहीं, उलट वरची काळी पापडी सुटून येते. उरलेला काळेपणा आंबट द्रवानें निघतो. चिंचेनें तांब्या घांसणाऱ्या घरांत या रसायनाची निराळी ओळख करून देण्याचें कारण नाहीं.

मठारणें ही मात्र शेवटची क्रिया. आकार पूर्ण झाल्यावर तांबट सर्व अंगावर ठोके देतो, आणि त्यानंतर भांडें भट्टींत घालीत नाहीं. घातलें तर मिळविलेली कठिणता क्षणांत जाईल. यंत्रावर दाबून काढलेलें भांडेंहि कांहीं अंशीं कठीण होतें, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण यंत्राचा दाब पत्र्याच्या निरनिराळ्या भागांवर निरनिराळा पडतो, आणि कोठें दोन ठोके अधिक द्यावे हें त्यास कळत नाहीं.

कल्हईचा प्रश्नहि येथेंच येतो. ताक किंवा आमटी उघड्या तांब्याच्या भांड्यांत कळकते, कारण आंबटपणानें तांब्याचे क्षार अन्नांत उतरतात व पोटास बाधतात. म्हणून आंतून कथलाचा लेप. कथील २३२ अंशांवरच वितळतें. नवसागर तापून त्याची जी वाफ निघते, तिच्यांतील आम्ल तांब्याचा पृष्ठभाग स्वच्छ करतें आणि कथील कापसाच्या बोळ्यामागें चांदीसारखें पसरतें. जाणता कल्हईवाला भांडें लाल होऊं देत नाहीं. लाल झालें, कीं तांबटाची कमाई गेली.

आतां पत्रा किती कठीण झाला हें तांबट ओळखतो कशानें? पुष्कळसें कानानें. मऊ पत्रा बद्द बोलतो, कठीण पत्रा खणखणतो. आणि जो नाद त्याचा मार्गदर्शक, तोच त्याचा कान खातो. इटलींतील वैद्य रामात्सिनी यानें कारागिरांच्या रोगांवरील आपल्या ग्रंथाच्या १७१३ सालच्या आवृत्तींत व्हेनिस शहरांतील तांबटांच्या वस्तीचें वर्णन केलें आहे: दिवसभर तांबें ठोकून त्यांस ऐकूं कमी येतें, आणि म्हातारपणीं ते ठार बहिरे होतात. हजारों कोस दूरच्या त्या आळीचें हें वर्णन कसब्यांतील आळीसहि लागू पडावें, यांत नवल नाहीं. कानांत बोळे घातले तर कान वांचतात, पण पत्र्याचा सूर मंद होतो. बाजारांत भांड्याची किंमत विचारतांना गिऱ्हाईक प्रथम वजन विचारतें. ठोके मोजण्याची रीत नाहीं. कान गेल्यावर कारागिराजवळ हातोड्याची उसळी तेवढी उरते: कठीण झालेला पत्रा हातोडा जोरानें परत फेंकतो, आणि तें मनगटास कळतें.