गिधाडाशी झुंजणारा प्रोमिथियस

प्राचीन ग्रीक लोकांची एक कथा आहे. प्रोमिथियसने देवांकडचा अग्नी चोरून माणसांना दिला. त्यामुळे देवांचा राजा झ्यूस रागावला. त्याने प्रोमिथियसला डोंगराच्या कड्याला साखळदंडांनी जखडून टाकले. रोज एक गरुड येई व त्याचे यकृत, म्हणजे उर्दूत आपण ज्याला जिगर म्हणतो ते, खाऊन जाई. रात्रीतून ते पुन्हा वाढे. अखेर हेराक्लिस नावाच्या वीराने गरुडाला मारून प्रोमिथियसची सुटका केली.

जाक लिपशित्स या शिल्पकारांनी ही कथा बदलली. ते १८९१ साली आजच्या लिथुआनियात एका ज्यू कुटुंबात जन्मले आणि १९०९ साली पॅरिसला आले. १९३७ साली पॅरिसमध्ये जागतिक प्रदर्शन भरले. त्यातील विज्ञानाच्या दालनासाठी त्यांनी प्रोमिथियसचा प्रचंड पुतळा तयार केला. हा प्रोमिथियस सुटकेसाठी कोणाची वाट पाहत नाही. तो स्वतःच गिधाडाचा गळा आवळतो आणि दुसऱ्या हाताने त्याचे पंजे रोखतो. त्याच्या डोक्यावर फ्रेंच क्रांतीतील स्वातंत्र्याची टोपी होती.

असे का बरे? त्या काळी शेजारच्या जर्मनीत हिटलरची सत्ता होती. जुलमाविरुद्ध लोकांनी उभे राहावे, असे लिपशित्स यांना वाटत होते. पण काही वृत्तपत्रांनी पुतळ्यावर कडाडून टीका केली. १९३८ साली तो हटवण्यात आला. तो प्लॅस्टरचा होता, टिकला नाही. पुढे जर्मन सैन्याने फ्रान्स जिंकला आणि १९४१ साली लिपशित्स अमेरिकेत गेले.

तेथे त्यांनी हाच विषय पुन्हा घेतला. नव्या नमुन्यावरून साचा करून त्यात वितळलेले ब्राँझ ओतले गेले. ब्राँझ हा मुख्यतः तांबे व कथील यांचा मिश्रधातू असून तो ऊनपावसात टिकतो. असा सुमारे ८ फूट उंचीचा पुतळा अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या कलासंग्रहालयाकडे आहे.

या शिल्पातील हातपाय खऱ्या माणसासारखे रेखीव नाहीत. ते जाड व फुगीर आहेत. माणूस कोठे संपतो आणि पक्षी कोठे सुरू होतो, हे शोधावे लागते. आधुनिक शिल्पकाराला हुबेहूब शरीर नव्हे, तर झुंजीचा जोर दाखवायचा असतो. या शिल्पाचे चित्र पाहायला मिळाले, तर आधी प्रोमिथियसच्या दोन हातांकडे पाहा.