विश्लेषण : छातीत दुखतंय, ईसीजी नॉर्मल... मग इको, टीएमटी की सीटी?

तारोडी, डोंगरी, उत्तन पट्ट्यातून रुग्णाला मोठ्या रुग्णालयात न्यायचं तर भाईंदर गाठावं लागतं. त्यामुळे ‘एकदाच काय ते स्कॅन करून टाका’ हा घरच्यांचा आग्रह समजण्यासारखा आहे. पण छातीत दुखण्याची सगळी कारणं दाखवणारं एकच स्कॅन नाही.

आधी काय?

दुखणं सुरू असेल तर स्कॅन सेंटरला नव्हे, थेट रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. १०८ रुग्णवाहिका मोफत आहे. पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. तो नॉर्मल आला तरी लगेच घरी पळू नका. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात ट्रोपोनिन वाढायला वेळ लागतो, म्हणून ही तपासणी काही तासांनी पुन्हा करतात.

इको नॉर्मल म्हणजे ब्लॉकेज नाही?

सर्वांत मोठा गैरसमज हाच. इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. पंपिंग आणि झडपा कळतात, पण रक्तवाहिनीतला अडथळा थेट दिसत नाही. झोपवून काढलेला इको मोठा ब्लॉकेज असूनही नॉर्मल येऊ शकतो. हृदयावर ताण आल्यावर काय होतं, हे टीएमटी किंवा स्ट्रेस इको सांगतो. दुखणं चालू असताना मात्र ट्रेडमिलवर चढायचं नाही.

सीटी अँजिओग्राफीत हातातून डाय देऊन हृदयाच्या रक्तवाहिन्याच पाहतात. स्कॉटलंडमध्ये ४,१४६ रुग्णांवर झालेल्या ‘स्कॉट-हार्ट’ अभ्यासात नेहमीच्या उपचारांना या तपासणीची जोड दिली गेली. ५ वर्षांत हार्ट अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यूचं प्रमाण या गटात २.३ टक्के, तर दुसऱ्या गटात ३.९ टक्के होतं. किडनीचा त्रास किंवा डायची अ‍ॅलर्जी असल्यास डॉक्टरांना आधीच सांगा. रक्तवाहिन्यांत कॅल्शियम खूप साचलं असेल तर चित्र धूसर येतं.

आणखी एक घोळ. ‘छातीचा सीटी झालाय’ म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्या पाहिल्या, असं नाही. फुप्फुसातली गुठळी किंवा फाटलेली महाधमनी शोधायचा सीटी वेगळा असतो. डायची वेळच निराळी. त्यामुळे चिठ्ठीवर नेमकं काय लिहिलंय, ते पाहा.

धोका कमी असलेल्या रुग्णाला तातडीच्या स्कॅनची गरजच नसते, असं २०२१ ची अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. जुना ईसीजी असेल तर त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. नव्या ईसीजीतला बदल डॉक्टरांना त्याच्याशी ताडून पाहता येतो.