धोक्याची घंटा कधी वाजवायची?

परीक्षेचा फॉर्म भरण्याची शेवटची रात्र. पान काही केल्या उघडत नाही, चाक नुसतं फिरतंय. आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांच्या पडद्यावर मात्र सगळं ठीक! असं कसं होतं?

नेटवर्कवरच्या ॲप्लिकेशनवर लक्ष ठेवताना, उत्तराला किती वेळ लागला की इशारा द्यायचा, ही मर्यादा आधी ठरवावी लागते. तिला 'थ्रेशोल्ड' म्हणतात. समजा, ती ४ सेकंद ठेवली आणि सरासरी मोजली. १०० पैकी ९० जणांना पान १ सेकंदात मिळालं, उरलेल्या १० जणांना २१ सेकंद लागले. सरासरी ३ सेकंद. म्हणजे घंटा वाजलीच नाही! म्हणून सरासरीऐवजी ९५वा पर्सेंटाइल बघतात: १०० पैकी ९५ जणांचं काम किती वेळात झालं? इथे उत्तर येतं २१ सेकंद. दुखणं लगेच दिसतं.

मग मर्यादा अगदी कमी ठेवावी का? तसंही नको. क्षणभराच्या गर्दीलाही इशारा येऊ लागला, तर 'लांडगा आला रे आला'सारखी गत होते. म्हणून उशीर सलग काही मिनिटं टिकला, तरच घंटा वाजवायची.

आकडा ठरवताना ॲपच्या एरवीच्या नोंदी बघाव्यात, आणि माणसाचा धीरही. याकोब नीलसन यांनी १९९३ मध्ये मांडलेला ढोबळ हिशेब आजही वापरतात: १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांपुढे लक्ष उडतं. २१ सेकंद थांबलेल्या त्या १० जणांत आपणही असू शकतो!