आडनावात लपलेलं गाव

मागच्या एपिसोडचा हा मजकूर, बसच्या गोंगाटात ज्यांना नीट ऐकू आलं नाही त्यांच्यासाठी.

मी अलिबागची. आमच्याकडे इस्रायल आळी आहे, तिथे मागेन अबोथ हे सिनेगॉग. ही आळी बेने इस्रायलींची, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंची. त्यांच्या परंपरेनुसार फार पूर्वी नवगावजवळ जहाज फुटलं आणि सात पुरुष, सात बायका वाचल्या. पुढे ते तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणायचे. 1948 नंतर बहुतेक जण इस्रायलला गेले.

आता त्यांची नातवंडं येतात. सैन्यातली सेवा संपली की पाठीला सॅक लावून गोवा, हिमाचल, आणि आजीच्या हट्टापायी दोन दिवस अलिबाग.

गाव सापडतं कसं? आडनावातून! पेणकर पेणचे, रोहेकर रोह्याचे, दिवेकर दिवेआगरचे. 'कर' काढा आणि एसटी पकडा. गोची पुढे होते. गाव सापडतं, पण घर कधीच विकलेलं असतं. मग उरतं कब्रस्तान.

मध्यंतरी डिमोनाहून आलेल्या एका किहीमकर मुलीबरोबर मी गेले होते. तिला पणजीची कबर हवी होती. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी. तिला मराठी वाचता येईना, मला हिब्रू. एकाच दगडापुढे दोघी अर्ध्या अर्ध्या अडाणी! त्यात रिबकाबाई निघाल्या तीन, आणि आडनावं पावसानं पुसलेली.

शेवटी आजीला व्हिडिओ कॉल लावला. साठ वर्षांपूर्वी इथून गेलेली बाई, पण पहिला प्रश्न अस्सल अलिबागचा: "तू गं कुणाची?"

मी सांगितलं. मग विचारलं, "आजी, तुमची आई कधी गेली?"

"साल नाय आठवत. पाऊस लागायच्या तोंडाला. कौलं शाकारायची राहिली होती."

मी ते इंग्रजीत सांगितलं. मुलगी पुन्हा तिन्ही दगडांपाशी गेली. हिब्रू तारखेत महिनाही लिहिलेला असतो. दुसऱ्या दगडावर बोट ठेवून ती म्हणाली, "सिवान." म्हणजे मे-जून.

मी पिशवीतून शेवंतीची वेणी काढली, तशी आजी फोनमधून ओरडली, "फुलं नको गं, आमच्यात खडा ठेवतात!"

खडा शोधायला मग आम्ही दोघी वाकलो.