शूरांचे ऋण

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडच्या विमानांतून सुमारे सव्वा लक्ष लोक लढले. सर्वच स्वेच्छेने आलेले. त्यांपैकी ५५,५७३ प्राणांस मुकले. तथापि लंडनच्या ग्रीन पार्कमध्ये त्यांचे स्मारक उभे राहावयास २०१२ साल उजाडावे लागले! जर्मन शहरांवरील, विशेषतः १९४५ साली ड्रेस्डेनवरील, बॉम्बवर्षावात सहस्रावधी नागरिक मेले, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु लक्ष्य ठरविणारे वरिष्ठ निराळे. रात्रीच्या काळोखात मृत्यूच्या तोंडी गेले ते ऐन विशीतले तरुण. एकाच्या निर्णयाचा दंड दुसऱ्याच्या स्मृतीस करणे हा न्याय नव्हे. त्या स्मारकावर बॉम्बहल्ल्यांत मेलेल्या सर्व राष्ट्रांतील लोकांचेही स्मरण कोरले आहे, हे उचितच होय. धोरणाची झडती निर्भयपणे घ्यावी. शूरांचे ऋण मात्र कृतज्ञतेने मान्य करावे.