मानसिक आरोग्य परिचर्या आणि परिचारिका-रुग्ण संबंध : डहाणू व तलासरी तालुक्यांच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना :

मानसिक आजाराच्या उपचारात औषधाइतकेच महत्त्व औषध देणाऱ्या व्यक्तीला असते. शस्त्रक्रियेच्या रुग्णाला परिचारिकेचा स्वभाव आवडला नाही, तरी जखम भरून येते. मानसिक रुग्णाच्या बाबतीत मात्र विश्वास बसला नाही तर रुग्ण बोलत नाही, आणि तो बोलला नाही तर निदान आणि उपचार दोन्ही अडतात. म्हणूनच मानसिक आरोग्य परिचर्येच्या संशोधनात परिचारिका व रुग्ण यांच्यातील संबंध हा केंद्रीय विषय ठरला आहे.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. त्यातील डहाणू आणि तलासरी हे गुजरात सीमेलगतचे तालुके होत. वारली, कोकणा, धोडिया, दुबळा, मल्हार कोळी, कातकरी आदी समाज येथे राहतात. २०११ च्या जनगणनेनुसार तलासरीत अनुसूचित जमातींचे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या घरात, तर डहाणूत दोन-तृतीयांशाहून अधिक आहे. या भागासाठीचे ठाणे येथील प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ साली स्थापन झालेले असून ते सुमारे शंभर किलोमीटर अंतरावर आहे. रोजंदारीवर जगणाऱ्या कुटुंबाला एका फेरीसाठी दोन माणसांची मजुरी आणि प्रवासखर्च सोसावा लागतो. अशा ठिकाणी उपकेंद्रातील नर्सबाई हीच बहुतेकदा आरोग्यव्यवस्थेचा पहिला आणि कित्येकदा एकमेव चेहरा असते.

उद्दिष्टे :

१. परिचारिका-रुग्ण संबंधाविषयीच्या प्रमुख सैद्धांतिक मांडणीचा परिचय करून देणे.
२. डहाणू-तलासरीच्या सामाजिक परिस्थितीत या मांडणीची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.
३. या क्षेत्रात संशोधन करताना घ्यावयाची दक्षता स्पष्ट करणे.

प्रस्तुत लेखाचे स्वरूप वर्णनात्मक व विश्लेषणात्मक असून तो प्रकाशित संशोधन, कायदे आणि ज्ञात सामाजिक परिस्थिती यांवर आधारलेला आहे.

सैद्धांतिक पार्श्वभूमी :

अमेरिकन परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात परिचर्या ही दोन व्यक्तींमधील अर्थपूर्ण प्रक्रिया असल्याचे प्रतिपादन केले. त्यांनी या संबंधाच्या चार अवस्था सांगितल्या. पहिल्या अवस्थेत दोघे अनोळखी असतात आणि अडचण नेमकी काय आहे हे समजून घेतले जाते. दुसऱ्या अवस्थेत आपल्याला मदत करू शकणारी व्यक्ती म्हणून रुग्ण परिचारिकेला ओळखू लागतो. तिसऱ्या अवस्थेत तो त्या मदतीचा पुरेपूर उपयोग करून घेतो. चौथ्या अवस्थेत गरज संपल्यावर संबंधाचा विचारपूर्वक समारोप होतो. या वाटचालीत परिचारिकेला माहितगार, शिक्षक, मार्गदर्शक, पर्यायी आप्त आणि समुपदेशक अशा अनेक भूमिका पार पाडाव्या लागतात. अस्वस्थता एका व्यक्तीकडून दुसरीकडे संक्रमित होते, हाही पेप्लाऊ यांचा महत्त्वाचा विचार होय. घाईत असलेली परिचारिका न बोलताही आपली घाई रुग्णाला देऊन जाते.

जॉइस ट्रॅव्हलबी यांनी १९६६ साली ‘परिचारिका’ आणि ‘रुग्ण’ ही लेबले गळून पडून माणसाचा माणसाशी संबंध जुळला पाहिजे, असा आग्रह धरला. ॲनी आल्टशुल यांनी १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मनोरुग्ण कक्षांतील परिचारिका व रुग्ण यांच्यातील प्रत्यक्ष संवादाचे निरीक्षण केले. परिचारिका रुग्णांशी बोलताना एखाद्या सिद्धांतापेक्षा आपल्या व्यवहारज्ञानावर विसंबतात, असे त्यांना आढळले. हा निष्कर्ष निराशाजनक नाही. व्यवहारज्ञान हे भांडवल आहे. त्याला प्रशिक्षणाची जोड कशी द्यावी, हा पुढचा प्रश्न आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर शेजारच्या गोव्यातून मिळाले. तेथील ‘मानस’ प्रकल्पात २४ प्राथमिक आरोग्य सुविधांमध्ये वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षित समुपदेशकांनी नैराश्य व चिंता यांच्या रुग्णांना साहाय्य केले. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत त्याचा लाभ स्पष्ट दिसला. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत गोव्यातील १० प्राथमिक आरोग्य केंद्रांतील ४९५ रुग्णांचा समावेश होता. सहा ते आठ बैठकींच्या समुपदेशनाने तीव्र नैराश्यातही सुधारणा झाली. म्हणजेच तज्ज्ञ दूर असला तरी उपचार दूर असलाच पाहिजे असे नाही, फक्त बोलण्यासाठी ठरावीक वेळ आणि ठरावीक माणूस हवा.

डहाणू-तलासरीतील परिस्थिती :

१) दुःखाची भाषा : ‘मला नैराश्य आले आहे’ असे म्हणत उपकेंद्रात कोणी येत नाही. डोके जड होणे, छातीत धडधडणे, अंग दुखणे, झोप न लागणे, जेवण न जाणे अशा शब्दांत तक्रार मांडली जाते. वेदनाशामक गोळी देऊन रुग्ण परत पाठवला की मूळ दुःख तसेच राहते. वारली बोली बोलणाऱ्या स्त्रीला प्रमाण मराठीत प्रश्न विचारला तर ती ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर देते. संबोधनाचा प्रश्नही लहान नाही. मराठीतील ‘तू’ आईलाही म्हटले जाते आणि तुच्छतेनेही उच्चारले जाते, आणि त्यातला फरक रुग्णाला पहिल्याच वाक्यात कळतो. नोंदवहीतून मान वर न करता विचारलेल्या ‘तुला काय होतंय?’ या प्रश्नाने पेप्लाऊंची पहिली अवस्था तेथेच संपते.

२) भगत आणि दवाखाना : आजार, अनिष्ट आणि देवदेवता यांच्या संबंधाविषयी वारली समाजाची स्वतःची धारणा आहे. रुग्णाला प्रथम भगताकडे नेले जाते. याची चेष्टा करणारी परिचारिका रुग्णासह त्याचे सारे कुटुंब गमावते. गुजरातमधील मेहसाणा जिल्ह्यात उनावा येथील दर्ग्यात प्रार्थना आणि औषधोपचार यांची सांगड घालणारा उपक्रम राबवला गेला, तो या दृष्टीने उद्बोधक आहे. मात्र सहकार्यालाही मर्यादा आहे. एखाद्या स्त्रीला भूताळी ठरवून छळले जात असेल, तर तो श्रद्धेचा विषय राहत नाही. महाराष्ट्राचा २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा तेथे लागू होतो. रुग्णाला साखळीने बांधून ठेवण्यास मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार मनाई आहे. कोठे ऐकून घ्यावे आणि कोठे ठाम राहावे, हा विवेक परिचारिकेकडे असावा लागतो.

३) भीती आणि प्रतीक्षा : नोव्हेंबर २०१८ पासून धुंदलवाडी, तलासरी परिसरात भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. १ फेब्रुवारी २०१९ रोजी चार रिश्टरहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला. त्या दिवशी घाबरून बाहेर पळताना एका बालिकेचा मृत्यू झाला. थंडीच्या दिवसांत अनेक कुटुंबांनी घराबाहेर, तंबूत रात्री काढल्या. पायाखालची जमीनच बेभरवशाची झाली की उद्भवणारी निद्रानाशाची तक्रार केवळ गोळीने भागत नाही. दुसरा प्रसंग समुद्रावरचा आहे. या तालुक्यांतील अनेक आदिवासी तरुण गुजरातच्या मासेमारी बोटींवर खलाशी म्हणून जातात. सागरी सीमा ओलांडल्याच्या आरोपावरून पाकिस्तानने पकडलेल्या मच्छीमारांत त्यांचाही समावेश राहिला आहे. पती जिवंत आहे, पण केव्हा परतेल हे माहीत नाही, अशा स्त्रीच्या दुःखाला शोकाचे विधीही उपलब्ध नसतात. तिच्यासाठी परिचारिकेकडे औषध नाही. तिचे म्हणणे पुन्हा पुन्हा ऐकण्याची तयारी मात्र असू शकते.

४) स्थलांतर आणि संबंधाचा खंड : भातकापणी व दिवाळी आटोपली की अनेक कुटुंबे वीटभट्ट्या, बांधकामे व अन्य मजुरीसाठी बाहेर पडतात आणि आगोटीला, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावर परततात. मानसिक आजाराची औषधे दीर्घकाळ, नियमित घ्यावी लागतात. ती मध्येच सुटली की आजार उलटतो. दुसऱ्या बाजूने परिचारिकेचीही बदली होते, कंत्राट संपते. पेप्लाऊंच्या चौथ्या अवस्थेत अपेक्षित असलेला विचारपूर्वक समारोप येथे कार्यालयीन आदेशाने एका दिवसात उरकला जातो. रुग्णाच्या दृष्टीने विश्वास टाकलेले आणखी एक माणूस न सांगता निघून गेलेले असते. नव्या परिचारिकेला त्यामुळे शून्यापासून नव्हे, तर शून्याच्याही मागून सुरुवात करावी लागते.

कायदा, गोपनीयता आणि व्यवस्था :

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ साली आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली सुरू झाला. २०१७ च्या अधिनियमाने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र मानसिक तणावाखाली होती, असे कलम ११५ नुसार गृहीत धरले जाते. कीटकनाशक प्यालेला रुग्ण ग्रामीण रुग्णालयात आणला जातो, तेव्हा त्याच्याशी पहिले बोलणे परिचारिकेचेच होते. त्या बोलण्यात दटावणी असावी की आधार, याचे उत्तर कायद्याने दिलेले आहे.

गोपनीयता पाड्यावर पाळणे मात्र सोपे नाही. नर्सबाई कोणाच्या अंगणात बसली हे सर्वांना दिसते. आशा कार्यकर्ती ही भाषेचा व विश्वासाचा पूल असते, परंतु ती शेजारीणही असते. म्हणून मानसिक रुग्णाची भेट लसीकरण, रक्तदाब तपासणी यांसारख्या नेहमीच्या गृहभेटींतच गुंफणे श्रेयस्कर ठरते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेली-मानस’ ही सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे. स्थलांतरित रुग्णाला हा क्रमांक जाण्यापूर्वीच लिहून देता येतो.

संशोधनातील दक्षता :

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात १२ राज्ये होती. त्यांत गुजरातचा समावेश होता, महाराष्ट्राचा नव्हता. त्यामुळे सीमेवरील या तालुक्यांना ते निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत. प्रमाणित प्रश्नावलीचे केवळ मराठी भाषांतर पुरेसे नसून बोलीतील शब्द आधी ऐकून मग प्रश्न रचणे आवश्यक आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नीतितत्त्वांनुसार आदिवासी समूहांबाबत विशेष संरक्षण अपेक्षित आहे. उपचार करणारी परिचारिकाच संशोधक असेल, तर ‘नाही म्हटले तर औषध बंद होईल’ या धास्तीपोटी संमती दिली जाऊ शकते. अंगठा उमटला म्हणजे संमती मिळाली असे मानणे अशास्त्रीय आणि अन्याय्य होय.

निष्कर्ष व शिफारशी :

१. परिचारिका-रुग्ण संबंध हा उपचाराचाच भाग मानून त्यासाठी ठरावीक वेळ राखून ठेवावा.
२. दिवाळीपूर्वी व आगोटीच्या सुमारास रुग्णभेटींचे विशेष नियोजन करावे. स्थलांतरापूर्वी पुरेशी औषधे आणि उपचाराची चिठ्ठी द्यावी.
३. बदली होणाऱ्या परिचारिकेने नव्या परिचारिकेला सोबत घेऊन रुग्णाची एक तरी संयुक्त भेट घ्यावी.
४. परिचर्या प्रशिक्षणात स्थानिक बोली, स्थानिक धारणा व कायदेशीर तरतुदी यांचा समावेश करावा.
५. परिचारिकांच्या स्वतःच्या मानसिक ताणाकडेही लक्ष द्यावे.

समारोप :

पेप्लाऊंची मांडणी रुग्णालयातील कक्षात आकाराला आली, तर डहाणू-तलासरीतील परिचर्या अंगणात, बाजाच्या दिवशी आणि वीटभट्टीला निघालेल्या कुटुंबाच्या घाईत घडते. तरीही तिचे मूळ सूत्र येथे अधिकच खरे ठरते. जेथे तज्ज्ञ, वाहन आणि औषध यांपैकी काहीही वेळेवर मिळेलच याची खात्री नसते, तेथे रुग्णाचे नाव लक्षात ठेवून पुन्हा येणारी परिचारिका ही उपचाराची पहिली मात्रा असते. ती मात्रा खंडित होऊ नये, एवढी जबाबदारी व्यवस्थेने घेतली तरी बरेच काही साध्य होईल.