स्फोट विझल्यानंतरचा पुरावा

इतिहासाच्या अभ्यासकाला घटना प्रत्यक्ष पाहायला मिळत नाही. हाती येतात ते तिचे अवशेष. खगोलशास्त्रातील एका मोठ्या वादाचा निकालही अवशेषांनीच लावला. म्हणून इतिहासाचे शिक्षक असूनही आम्ही त्याविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर पाळत ठेवण्यासाठी अमेरिकेने १९६३ पासून ‘वेला’ उपग्रह सोडले. २ जुलै १९६७ रोजी त्यांनी गॅमा किरणांचा एक भडका टिपला. तो अणुबॉम्बचा नव्हता. असे भडके अंतराळातून येतात, हे १९७३ साली प्रसिद्ध झाले आणि मग तर्कांना उधाण आले. भडका काही सेकंदांत विझे. गॅमा किरण भिंगाने वा आरशाने सहज एकत्र आणता येत नाहीत, त्यामुळे तो आकाशात नेमका कोठे झाला हे कळत नसे. शंभराहून अधिक उपपत्ती मांडल्या गेल्या. हे स्फोट आपल्या आकाशगंगेच्या परिसरातले की विश्वाच्या दूरच्या टोकाचे, यावर १९९५ साली वॉशिंग्टनमध्ये जाहीर वादविवादही झाला. विद्वत्ता दोन्ही बाजूंना होती, पुरावा कोणाकडेच पुरेसा नव्हता.

तो २८ फेब्रुवारी १९९७ रोजी मिळाला. इटली व नेदरलँड्स यांच्या ‘बेप्पोसॅक्स’ उपग्रहाने एक स्फोट टिपला. सुमारे आठ तासांनी उपग्रहाच्या क्ष-किरण दुर्बिणी त्या दिशेला वळवल्या गेल्या, तेव्हा तेथे पूर्वी नोंद नसलेला एक स्रोत तेवत होता. ३ मार्चला पुन्हा पाहिले, तर तो सुमारे वीसपटीने मंदावलेला! ही स्फोटाची उत्तरप्रभा होती.

ती निर्माण कशी होते? स्फोटातून जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने निघालेला झोत भोवतालच्या विरळ वायूवर आदळतो. त्या धक्क्याने वेगवान झालेले इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात फिरताना प्रारण फेकतात. झोताचा वेग ओसरतो तशी प्रभा मंदावते, आणि क्ष-किरणांचा जोर कमी झाल्यावरही रेडिओ लहरी कित्येक आठवडे येत राहतात. क्ष-किरण वातावरणात शोषले जात असल्याने ही पाहणी अवकाशातूनच करावी लागते.

क्ष-किरणांनी ठिकाण दाखवले आणि जमिनीवरील दुर्बिणी तिकडे वळल्या. त्याच वर्षी ८ मेच्या स्फोटाच्या उत्तरप्रभेचा वर्णपट हवाईतील केक दुर्बिणीने घेतला. तो प्रकाश किमान सुमारे ७०० कोटी वर्षे प्रवास करून आला होता. अंतराचा वाद तेथे संपला.

अतिअल्पकाळ टिकणाऱ्या स्फोटांचे कोडे मात्र उरले होते. नोव्हेंबर २००४ मध्ये सोडलेला ‘स्विफ्ट’ उपग्रह मिनिटाभरात आपली दुर्बीण स्फोटाकडे वळवू शकतो. ९ मे २००५ रोजी सेकंदाच्या विसाव्या भागाहूनही कमी टिकलेल्या स्फोटाची मोजक्याच क्ष-किरणांची पुसट प्रभा त्याने पकडली. ती वृद्ध ताऱ्यांच्या एका दीर्घिकेजवळ होती. अल्पायुषी महाकाय तारे तेथे जवळपास नसतात. त्यामुळे असे स्फोट दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून होत असावेत, या मताला बळ मिळाले.